तळ्यातील विष आणि आतड्यातील मित्र

शेतात फवारलेले तणनाशक शेतातच राहते, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु पावसाला बांध ठाऊक नसतो. उसातील वा भातातील औषध पहिल्या जोरदार सरीबरोबर ओहोळाने वाहत जाऊन शेजारच्या तळ्यात उतरते. त्या तळ्यातील रोहू, कटला व मृगळ यांवर एखाद्या कुटुंबाची वर्षाची मिळकत अवलंबून असते.

१९७४ साली बाजारात आलेले ग्लायफोसेट वनस्पतींच्या ज्या जीवनक्रियेवर आघात करते, ती प्राण्यांत नसतेच. त्यामुळे मासे सुरक्षित असतील असे वाटते. तथापि औषध पानांवर नीट पसरावे म्हणून त्यात साबणासारखी जी द्रव्ये मिसळतात, त्यांतील काही मूळ औषधापेक्षाही माशांना अधिक घातक आहेत. ती कल्ल्यांच्या नाजूक पडद्यांस इजा करतात. पॅराक्वाटची रीत निराळी आहे. ते शरीरातील प्राणवायूला दाहक रूप देऊन यकृतादी अवयवांतील पेशींचा नाश करते.

यावर उपाय म्हणून प्रोबायोटिक, म्हणजे उपकारक जिवाणू, माशांच्या खाद्यात मिसळतात. ही कल्पना जुनी आहे. आंबवलेल्या दुधातील जिवाणू आरोग्यास हितकर असतात, असे मत रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच मांडले होते. लॅक्टोबॅसिलस व बॅसिलस या कुळांतील जिवाणू आतड्यात रोगजंतूंना थारा देत नाहीत, पचनास साहाय्य करतात आणि रोगप्रतिकारशक्ती जागृत ठेवतात. असे खाद्य मिळालेल्या माशांच्या यकृतास तणनाशकाची झळ कमी लागल्याचे प्रयोगशाळेतील अनेक प्रयोगांत दिसले आहे.

मात्र या उपायाची मर्यादा ओळखली पाहिजे. विष मुख्यतः कल्ल्यांतून शिरते आणि जिवाणू काम करतात आतड्यात. दाराशी आलेल्या शत्रूला ते अडवू शकत नाहीत. घरातील माणसांना बळ तेवढे देतात. तळ्यातीलच तण औषधाने एकदम मारले, तर ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. अशा वेळी खाद्यातील जिवाणू निरुपयोगी ठरतात.

खाद्य देण्यातही विवेक हवा. गोळ्या बनवितानाच्या उष्णतेने लॅक्टोबॅसिलस मरतात. बॅसिलसचे बीजाणू मात्र बराच ताप सोसतात. जिवाणूनाशक औषध सोबत दिल्यास हे मित्रही मारले जातात.

म्हणून क्रम असा असावा: तळ्याभोवती उंच बांध घालावा; शेत व तळे यांमध्ये गवताचा पट्टा राखावा; पावसाची चिन्हे असता फवारणी टाळावी; फवाऱ्याचा पंप तळ्यात धुऊ नये. तळ्यातील तण हाताने काढावे किंवा गवत्या माशाकडून खाववावे. एवढी दक्षता घेतल्यावर प्रोबायोटिक खाद्य माशांना खरे साहाय्य करील. ती न घेता केवळ पुडीवर भिस्त ठेवणाऱ्याचा पैसाही जाईल आणि मासेही जातील.