निळ्या गणवेशातून पांढऱ्या गणवेशात

माझा पुतण्या हवाई दलात आहे, मालवाहू विमानं उडवतो. परवा सुट्टीवर आला तेव्हा जेवता जेवता म्हणाला, "काका, आणखी काही वर्षांनी बाहेर पडून एअरलाइनमध्ये जायचा विचार आहे. कागदपत्रं काय काय लागतात?" पोरानं कागदपत्रांचं विचारलं याचं मला हसू आलं, कारण वीस वर्षांपूर्वी मीही तेवढंच विचारलं होतं. विमान तर उडवता येतंच, राहिलं काय? गणवेश बदलायचा आणि परवाना काढायचा, असा माझाही हिशेब होता.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. साताऱ्याची सैनिक शाळा, मग खडकवासला, आणि १९८१ साली हवाई दलात वैमानिक. १९८४ पासून एएन-३२ ही सोव्हिएत बनावटीची मालवाहू विमानं आपल्याकडे येऊ लागली आणि माझं पुढचं बहुतेक आयुष्य त्यांच्यातच गेलं. आसाममधल्या जोरहाटहून उडायचं आणि अरुणाचलच्या डोंगरांत तांदूळ, रॉकेल, औषधं पोचवायची. येताना आजारी माणसं, बाळंतिणी, सुट्टीवर निघालेले जवान घेऊन यायचं. २००५ साली विंग कमांडर म्हणून बाहेर पडलो तेव्हा मी ४४ वर्षांचा होतो.

आता कागदपत्रांचं. हवाई दलात छातीवर 'विंग्ज' लागल्या म्हणजे नागरी विमान उडवायचा परवाना मिळाला, असं होत नाही. तो परवाना देतं नागरी हवाई वाहतूक महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीसीए म्हणतात. लष्करी उड्डाणाचे तास तिथे धरले जातात, काही सवलतीही मिळतात. पण लेखी परीक्षा द्यावीच लागते. दिशादर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम असे पेपर, आणि उत्तीर्ण व्हायला शंभरात सत्तर गुण. चाळिशी उलटल्यावर रात्री मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाशी बसून मी हे पेपर दिले. हवाई नियमांत पहिल्या खेपेस नापास झालो! मुलगी त्या वर्षी दहावीला होती, तिनं घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची तोंडी परीक्षा त्या काळी दळणवळण मंत्रालयाकडे होती. तिथेही माझी लष्करी, तुटक बोलण्याची सवय परीक्षकांना रुचली नाही.

दुसरी गोष्ट तासांची. विमानाचा कप्तान व्हायला जो वरचा परवाना लागतो त्यासाठी किमान १५०० तासांचं उड्डाण हवं. मालवाहू विमानवाल्यांना त्याची अडचण नसते. लढाऊ वैमानिकाचं मात्र एकेक उड्डाण बहुधा तासाभराच्या आतलं, त्यामुळे वीस वर्षं जिवावर उदार होऊन उडलेल्या माणसाची वही एअरलाइनच्या मानाने बारीकच दिसते. एअरलाइनमधला वैमानिक वर्षाला सात-आठशे तास सहज उडतो. १००० तासांच्या वर जायला नियमानेच बंदी आहे. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, नोकरीत असतानाच आपली उड्डाणाची वही पानोपान तपासून, सह्या-शिक्क्यांनिशी पक्की करून घ्या. एकदा बाहेर पडलात की सही करणारा साहेब बदली होऊन दुसऱ्या टोकाला गेलेला असतो. आणि पहिल्या दर्जाची वैद्यकीय तपासणी सगळ्यांत आधी करा, बाकी खर्च नंतर.

परवाना मिळाला तरी त्या विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण वेगळं. मला एअरबस ए-३२० मिळालं. त्याच्या प्रशिक्षणाला भविष्यनिर्वाह निधीतला मोठा घास गेला. सिम्युलेटरमध्ये बसलो आणि पहिल्या दिवशीच हात गोंधळले. एएन-३२ मध्ये आम्ही इंजिनाची ताकद हाताने ओळखायचो. लिव्हर पुढे-मागे झाला की कानाला आणि तळहाताला एकदमच कळायचं. एअरबसमध्ये इंजिनाची ताकद संगणक कमी-जास्त करत राहतो आणि लिव्हर आपला जागच्या जागी! समोर दांडा नाही, बाजूला मुठीएवढी एक काठी. माझ्या काठीने मी काय करतो आहे ते शेजारच्याला हाताने जाणवतही नाही, कारण दोन काठ्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. सोव्हिएत विमानात वेग किलोमीटरमध्ये वाचायची सवय, इथे नॉट. पण हे सगळं दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडतं. यंत्र शिकता येतं हो.

अवघड गेलं ते माणसांचं. एएन-३२ मध्ये आमच्याबरोबर मार्ग काढायला नॅव्हिगेटर असायचा, इंजिनांकडे बघायला फ्लाइट इंजिनिअर असायचा. एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये दोघंच. एक उडवतो आणि दुसरा लक्ष ठेवतो. हे लक्ष ठेवणं म्हणजे नुसतं शेजारी बसणं नव्हे, चूक दिसली की त्याच क्षणी तोंडाने सांगणं हेच त्याचं काम. माझा पहिला कप्तान २८ वर्षांचा होता. त्यानं मला 'सर' म्हटलं. मी म्हटलं, "इथे तुम्ही कप्तान, मला सर म्हणू नका." तो हसून म्हणाला, "ठीक आहे, पण मग तुम्हीही मला मनातल्या मनात 'बाळ' म्हणू नका." पोरगा हुशार होता.

पुढच्याच महिन्यातली गोष्ट. संध्याकाळची वेळ, पाऊस, आणि त्याच्याबरोबरच मी उतरत होतो. विमान तो उडवत होता. आमचा नियम असा होता की हजार फुटांवर विमान पूर्ण स्थिर हवं: चाकं बाहेर, पंखांवरचे फ्लॅप लागलेले, वेग ठरलेल्याच्या दहा नॉटच्या आत, उतरण्याचा दर मर्यादेत. यातलं एकही नसेल तर उतरायचं नाही, ताकद देऊन पुन्हा वर जायचं. याला म्हणतात गो-अराउंड. त्या संध्याकाळी हजार फुटांवर वेग जास्त होता. मला दिसला, आणि मी गप्प बसलो. विमान धावपट्टीवर बरंच पुढे जाऊन टेकलं, ब्रेक करकचून लागले, थांबलो. काही झालं नाही. इंजिनं बंद केल्यावर त्यानं विचारलं, "माझी चूक झाली, ती मी कळवणारच आहे. पण तुम्हाला दिसलं होतं ना? मग बोलला का नाहीत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री हॉटेलच्या खोलीत ते सापडलं. मेचुका, विजयनगर असल्या डोंगरांतल्या धावपट्ट्यांवर आम्ही उतरायचो. तिथे काही ठिकाणी दरीत एका टप्प्यापलीकडे शिरलं की मागे वळायला जागाच नसते. समोर डोंगर. त्या टप्प्यानंतर 'उतरायचं की नाही' हा प्रश्न संपलेला असतो, उरतं ते फक्त उतरवणं. वेग जास्त असेल तर हाताने मारायचा, वारा आडवा असेल तर झुंजायचं. खाली लोक धान्याची वाट बघताहेत. चोवीस वर्षं माझ्या मेंदूला हेच शिकवलं गेलं होतं, आणि तिथे ते बरोबरच होतं. त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात कुणीतरी म्हणालं, 'यापेक्षा वाईट परिस्थितीत उतरवलंय आपण.' ते खरंही होतं. पण मागे दीडशे-पावणेदोनशे माणसं बसलेली, इंधन मुबलक, वर मोकळं आभाळ. इथे माघारी जायला जागा होती, आणि माझ्या डोक्यातून ती जागाच पुसली गेली होती.

मंगळूरला २२ मे २०१० रोजी विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ माणसं गेली. सहवैमानिकाने वर जाण्याची सूचना केली होती. कोळिकोडला ७ ऑगस्ट २०२० रोजी पावसात तसंच झालं, २१ जणांचा मृत्यू झाला. तिथले कप्तान दीपक साठे हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर, अकादमीत 'स्वोर्ड ऑफ ऑनर' मिळवलेले. बातमी आली त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या वर्षी चौकशी अहवाल आला. अस्थिर अवस्थेत उतरणं चालू ठेवलं गेलं, शेजारच्याने 'गो-अराउंड' म्हटलं तरीही, आणि त्यानेही नियंत्रण हाती घेतलं नाही, असं त्यात आहे. साठे हवाई दलात होते म्हणून असं झालं, असं मी म्हणणार नाही, ते अन्यायाचं होईल; अपघाताला एकच कारण कधी नसतं. पण तो अहवाल वाचताना मी माझी २८ वर्षांच्या कप्तानाशेजारची खुर्ची आठवत होतो, एवढं मात्र खरं.

पगाराबद्दलही लोक विचारतात. पगार जास्त आहे, नाकारत नाही. पण क्वार्टर नाही, कॅन्टीन नाही, आणि दिवाळीला तुम्ही बहुधा कुठल्या तरी विमानतळावर असता. आमच्या सौभाग्यवतींनी चौदा घरं आवरली होती. पंधरावं स्वतःचं झालं तेव्हा तिला घरात मी दिसेना. शिवाय प्रवाशांशी बोलावं लागतं! पहिल्यांदा मायक्रोफोन हातात घेतला तेव्हा मी हवामानाचं निवेदन जवानांना हुकूम दिल्यासारखं केलं होतं. हवाईसुंदरी येऊन म्हणाली, "सर, मागे दोन आजी घाबरल्यात."

२००८ च्या सुमारास मी कप्तान झालो. कप्तान झाल्यावर उलटा अभ्यास सुरू झाला. आता गप्प बसणारा शेजारी होता, कारण माझे पांढरे केस आणि जुना हुद्दा त्याला ठाऊक असायचा. मग मी प्रत्येक उड्डाणाआधी सांगायचं ठरवलं, "मी जुना लष्करी माणूस आहे, मला उतरवायची खोड आहे. तुम्हाला खटकलं की बोला. बोललात तर मी रागावणार नाही, आणि रागावलो तरी ऐकेन."

२०२२ च्या पावसाळ्यात आम्ही पुण्याला येत होतो. लोहगाव हा हवाई दलाचा तळ, त्याच धावपट्टीवर नागरी विमानंही उतरतात. तिथे मी गणवेशात किती वेळा उतरलो असेन त्याची गणती नाही. धावपट्टीचा चढउतार मला पाठ. शेजारी २६ वर्षांची सहवैमानिक. हजार फुटांवर वाऱ्याचा झोत बदलला आणि वेग पंधरा नॉट वर गेला. तिनं "स्पीड" म्हटलं. माझ्या हाताला ठाऊक होतं की मी हे जुळवून आणतो. दुसऱ्या क्षणी ती म्हणाली, "गो-अराउंड." आवाज थोडा कापत होता, पण स्वच्छ होता. मी ताकद दिली, वर गेलो. वीस मिनिटांनी पुन्हा आलो आणि नीट उतरलो.

दार उघडल्यावर मी निरोप द्यायला उभा होतो. धोतर-टोपीतले एक आजोबा थांबले, रागातच होते. म्हणाले, "पुणं दिसत होतं की खाली! पहिल्यांदाच का नाही उतरवलंत?"

मी म्हटलं, "मॅडम नको म्हणाल्या."

आजोबांनी आत डोकावून तिच्याकडे पाहिलं, माझ्या केसांकडे पाहिलं, आणि "आमच्या घरीही तसंच आहे," म्हणत पायऱ्या उतरले.