सहलीतील रांगा आणि गर्दीचे गणित

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांच्या फलकांवर सहलीची सूचना झळकते. आपल्या मराठी शाळांना नाताळची सुट्टी खरे तर एकाच दिवसाची. पण इंग्रजी माध्यमाच्या बऱ्याच शाळा त्या सुमारास आठवडाभर बंद असतात आणि आपल्या सहलींचा हंगामही नेमका तोच. याचा परिणाम काय होतो, हे आम्हा कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. अंबाबाईच्या देवळात रांग, पन्हाळ्याच्या वाटेवर वाहनांची रांग, आणि कणेरी मठावर सिमेंटच्या पुतळ्यांतून उभे केलेले बारा बलुतेदारांचे गाव पाहायला खऱ्या माणसांची रांग. पूर्वी मोठ्या सहली मुंबईजवळ गोराईला १९८९ साली सुरू झालेल्या एस्सेलवर्ल्डला जात. २०१३ पासून खोपोलीजवळचे इमॅजिका झाले. कोल्हापुराहून सुमारे ३०० किलोमीटर प्रवास करून गेलेली मुले परतल्यावर पाळण्यांइतकेच रांगांचेही वर्णन करतात.

रांग ही कंटाळवाणी गोष्ट खरी, पण तिच्यामागे एक नीटस शास्त्र आहे. त्याचा पाया डेन्मार्कच्या एर्लांग या गणितज्ञाने घातला. तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला होता. ग्राहक केव्हा फोन करतील हे सांगता येत नाही, मग किती तारा ठेवाव्यात, असा त्याच्यापुढचा प्रश्न होता. १९०९ साली त्याने यावरचा पहिला निबंध प्रसिद्ध केला. तारांच्या जागी तिकिटाची खिडकी आणि फोनच्या जागी माणसे घातली की तेच गणित जत्रेलाही लागू पडते.

या गणितातील एक निष्कर्ष सहलीला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावा. समजा, एका खिडकीवर तिकीट देण्यास सरासरी एक मिनिट लागते आणि माणसे आपापल्या मर्जीने, कशीही येतात. खिडकी निम्मा वेळ कामात असेल, तर येणाऱ्याला सरासरी एक मिनिट थांबावे लागते. ८० टक्के वेळ कामात असेल तर चार मिनिटे, ९० टक्के असेल तर नऊ, आणि ९५ टक्क्यांना एकोणीस! (कामात असलेल्या वेळाला रिकाम्या वेळाने भागले की ही उत्तरे मिळतात, पडताळून पाहावे.) ८० वरून ९५ वर जाताना गर्दी पाचव्या हिश्शानेही वाढली नाही, पण थांबण्याचा वेळ जवळजवळ पाचपट झाला. "गेल्या आठवड्यात तर एवढी गर्दी नव्हती!" असे आपण म्हणतो तेव्हा गर्दी खरोखरच फारशी वाढलेली नसते, वाढलेली असते ती रांग.

असे का व्हावे? कारण रिकामी गेलेली मिनिटे साठवून ठेवता येत नाहीत. सकाळी नऊ वाजता खिडकी मोकळी होती, म्हणून अकराच्या झुंबडीला तिचा काहीच उपयोग नाही. त्यात शाळेच्या सहलीची आणखी एक खोड असते. माणसे एकेकटी न येता बसच्या बस भरून येतात. कोल्हापूर, सांगली, बेळगाव इथून सकाळी निघालेल्या गाड्या साधारण एकाच वेळी पोचतात. दिवसभराची सरासरी अगदी बेताची असली, तरी त्या तासाभरात सगळे कोलमडते. तासभर आधी किंवा दुपारनंतर पोचणे हा साधा उपाय आहे, पण सहलीच्या वेळापत्रकात त्याला क्वचितच जागा मिळते.

रांगेचा दुसरा नियम याहून सोपा. अमेरिकेच्या जॉन लिटल यांनी तो १९६१ साली सिद्ध केला: आत असलेल्या माणसांची संख्या म्हणजे दर मिनिटाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाचा आत घालवलेला वेळ. यावरून मुलांना पाळण्यासमोर उभे राहून गणित करता येते. पाळण्यात २४ जण बसतात आणि एक फेरी चढण्या-उतरण्यासह तीन मिनिटांची आहे, म्हणजे मिनिटाला आठ जण. पुढे २४० डोकी असतील तर अर्धा तास. मोठ्या उद्यानांत वेळ नेमून देणारी चिठ्ठी मिळते (डिस्नेच्या उद्यानांत ही पद्धत १९९९ साली आली), तिरुपतीला दर्शनाचे टोकन मिळते. त्यामुळे उभे राहण्याचे कष्ट वाचतात, मात्र पाळण्यातील जागा एकानेही वाढत नाहीत.

आता ज्या रांगेबद्दल कोणी लिहीत नाही, तिच्याकडे वळू. बस थांबली की पहिली धाव स्वच्छतागृहाकडे असते. बसमध्ये २५ मुलगे व २५ मुली आहेत असे धरू. मुलींच्या बाजूस दोन संडास आहेत, प्रत्येकीला दीड मिनिट लागते. शेवटची मुलगी मोकळी होईपर्यंत सुमारे १९ मिनिटे जातात. मुलग्यांच्या बाजूस तेवढ्याच जागेत चार मुताऱ्या बसतात आणि प्रत्येकाला पाऊण मिनिट लागते. त्यांचे काम पाच मिनिटांत उरकते. दोन्ही बाजूंना "समान" जागा देऊन चौपट फरक! वेळापत्रक इथेच घसरते, मग मुलींना "चला, चला" म्हणून घाई केली जाते. त्याचा परिणाम आम्ही अनेकदा पाहिला आहे: बऱ्याच मुली सहलीच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यांच्यासाठी वीस मिनिटे वेगळी राखणे आणि ती मोठ्याने जाहीर करणे शिक्षकांच्या हातात आहे.

रांगेत वेळ जातो. रांग मोडली की गर्दी होते, आणि गर्दीत जीव जाऊ शकतो. मैदानावर खडूने एक मीटर बाजूचा चौरस आखा. त्यात दोन मुले उभी करा, ती सहज वळू शकतात. चार उभी केली की अंगाला अंग लागू लागते. इथेच थांबावे, प्रयोग पुढे नेऊ नये. मोठी माणसे चौरस मीटरला सहा-सात झाली की कोणीच स्वतःच्या पायांनी चालत नाही. गर्दी पाण्यासारखी वागू लागते, तिच्यातून लाटा जातात, त्या लाटांनी लोखंडी कठडेही वाकतात. चेंगराचेंगरीत माणसे पायांखाली तुडवली जाऊन मरतात असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेकांचा मृत्यू गुदमरून होतो. छातीवर एवढा दाब येतो की श्वास घेण्यासाठी ती फुगूच शकत नाही. उभ्या उभ्या प्राण गेल्याची उदाहरणे आहेत.

एक मीटर रुंदीच्या सपाट वाटेवरून मिनिटाला साधारण ८० माणसे नीट जाऊ शकतात, जिन्यावरून त्याहून कमी. ८०० प्रेक्षकांचा खेळ सुटला आणि दार दोन मीटरचे असले तर पाच मिनिटे पुरतात. पण पुढे वाट एक मीटरची झाली तर दहा लागतात, आणि मधल्या वेळात मागच्यांना पुढे काय अडले आहे ते कळत नाही. ते पाऊल पुढे टाकतच राहतात. धोका या न कळण्यातच आहे. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद चढण आणि दुकानांना लागलेली आग यांत जवळजवळ ३०० माणसे दगावली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलाच्या जिन्यावर पावसामुळे लोक थबकले, मागून गाड्यांचे प्रवासी येतच राहिले, आणि २३ जण गेले. दोन्ही ठिकाणी माणसे "बेशिस्त" होती असे म्हणून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. रुंदी, उतार आणि येणाऱ्यांचा वेग यांचा हिशेब आधी करता येतो, तो कोणीतरी करायला हवा होता.

सहलीपुरता हा हिशेब शिक्षकांना करता येईल. खेळ संपल्यावर लगेच उठू नये, पाच मिनिटे बसून राहावे. दहा-दहा मुलांचे गट करून प्रत्येकाबरोबर एक मोठे माणूस असावे आणि चुकल्यास भेटायची जागा दारापासून दूर ठरवावी. खाली पडलेली चप्पल किंवा डबा उचलायला दाट गर्दीत वाकायचे नाही, हे मुलांना आधीच बजावावे. दाब आलाच तर कोपर दुमडून हात छातीसमोर धरावेत म्हणजे श्वासापुरती जागा राहते. लाटेविरुद्ध ढकलू नये, ती ओसरली की तिरके तिरके कडेला सरकावे. भिंत वा कठडा असेल त्या कडेला मात्र जाऊ नये.

परतल्यावर वर्गात करण्यासारखे एक काम: शाळा सुटताना फाटकाची रुंदी मोजा, घड्याळ लावून मिनिटाला किती मुले बाहेर पडतात ते पाच दिवस नोंदवा. नंतर फाटकाचा एकच पल्ला उघडा ठेवून, बाहेर शिक्षक उभे करून, पुन्हा मोजा. संख्या निम्मी होते का, निम्म्याहून कमी?