गोळी पोचत नाही तिथे

रबर डॅमच्या निळ्या पडद्यातून एकच दाढ वर आलेली. लाळेचा थेंब आत गेला तर नवे जंतूही जाणार, म्हणून बाकीचं तोंड झाकलेलं. काकांच्या या दाढेचं रूट कॅनल काही वर्षांपूर्वी झालंय, तरी ती ठणकते. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणलं की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच.

"काका, गोळी रक्तातून जाते. या दाढेची नस कधीच मेली, आत रक्त जाणार कुठून?" डॉक्टर मॅडम फाइलने जुना गुटापर्चा, म्हणजे मागच्या वेळी कालव्यात भरलेलं भरण, उकरत म्हणाल्या. गुलाबी तुकडा निघाला, टोकाला काळपट. पाठोपाठ नासक्या अंड्यासारखा वास. हवेशिवाय जगणारे जंतू मेलेल्या नसेतली प्रथिनं कुजवतात, तेव्हा गंधकाचे वायू सुटतात.

हा सगळा जंतूंचाच उद्योग, हे १९६५मध्ये अमेरिकेत उंदरांवर झालेल्या एका प्रयोगाने पक्कं केलं. दाढा कोरून नस उघडी पाडली, अन्न अडकू दिलं. साध्या उंदरांच्या नसा सडल्या, मुळाशी गळवं झाली. जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांची नस जगली, तिच्यावर नवं दंतिन, म्हणजे दाताचा आतला कठीण थर, धरलं!

रूट कॅनल होऊनही बिघडलेल्या दाढेत अनेकदा सापडतो एन्टरोकॉकस फिकॅलिस हा जंतू. मूळचा आतड्यातला रहिवासी. दंतिनातल्या नळ्या जेमतेम एक ते तीन मायक्रॉन रुंद, तो त्यांतही शिरतो आणि उपाशीपोटी कितीतरी काळ तग धरतो.

म्हणून खरं काम धुण्याचं. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे घरच्या ब्लीचचाच भाऊबंद, बारीक सुईने आत सोडायचं. सुईचं भोक टोकाला नाही, बाजूला. मॅडम ती सतत वरखाली हलवत राहतात, कुठे अडकू देत नाहीत. जोर लावला आणि द्रव मुळाबाहेर गेला, तर गाल बघता बघता सुजतो. फेस येतो, सक्शन ओढून घेतं, पुन्हा द्रव. बघणाऱ्याला कंटाळा येईल इतका वेळ हेच. माझ्या मते रूट कॅनलचे पैसे या कंटाळवाण्या भागाचे असतात, कॅपचे नव्हे.

शेवटी कागदी पॉइंट आत घालून कालवे टिपले. पहिला ओला, तांबूस. तिसरा कोरडा निघाला, तेव्हा कुठे मॅडमनी कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पांढरी पेस्ट भरली आणि वर तात्पुरतं सिमेंट लावलं. एक्सरेत मुळाशी दिसणारा काळा डाग, म्हणजे झिजलेलं हाड, भरून यायला मात्र महिने लागतील.