‘परवानगी’ आणि ‘कपट’ : अपिलाच्या अर्जातील दोन शब्द

लोणावळ्याजवळच्या एखाद्या माळाचे खरेदीखत मालकाच्या पाठीमागे झाले, त्यावरून दुसऱ्याच दोघांत दावा चालला आणि हुकूमनामाही निघाला, असे उशिरा कळलेला माणूस वडगावच्या वकिलाकडे जातो, तेव्हा त्याला प्रथम ‘परवानगी’ हा शब्द ऐकावा लागतो. दाव्यात तो पक्षकार नव्हता. म्हणून अपिलापूर्वी त्याने अपील न्यायालयाची परवानगी मागितली पाहिजे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाल्यानंतर मावळातील जमिनीला जे मोल आले, ते पाहता हा प्रसंग केवळ काल्पनिक मानता येणार नाही.

‘परवानगी’ हा शब्द फारसीतून आला. त्याला अद्याप दरबारी मर्जीचा वास आहे. (त्याच अर्थाचा ‘रजा’ हा अरबी शब्द, मूळ अर्थ ‘संमती’, आज कचेरीतल्या सुट्टीपुरता उरला आहे.) अर्जदाराला वाटते की आपण कृपा मागत आहोत. वस्तुतः येथे कसोटी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९४९ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली गोलचा प्रॉपर्टीजच्या प्रकरणात सांगितलेले तत्त्व असे की, निर्णयाने ज्याच्या हिताला बाध येतो त्या त्रयस्थाला अपिलाची परवानगी द्यावी. म्हणून अर्जात विनवणीपेक्षा बाध कोणता हे लिहिणे अगत्याचे आहे. संविधानाच्या १३६व्या अनुच्छेदाखालील ‘विशेष अनुमती’ ही निराळी. ती दिल्लीस मागावयाची असून केवळ हित दुखावले एवढ्याने मिळत नाही. बोलण्यात मात्र दोहोंस ‘परवानगी’च म्हणतात.

दुसरा शब्द अधिक घातक आहे. ‘कपटाचे हस्तांतरण’ या मराठी शब्दप्रयोगात कपट करणारा कोण, हे षष्ठी विभक्ती सांगत नाही. मालकाने धनकोंना चुकविण्यासाठी जमीन मेहुण्याच्या नावे केली, तर कपटी मालकच. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याचे ५३वे कलम अशाच व्यवहारासाठी आहे आणि तो धनकोच्या इच्छेनुसार रद्द होऊ शकतो. उलट, म्हाताऱ्या खातेदाराचा अंगठा ‘पीककर्जाचा कागद’ म्हणून कुलमुखत्यारपत्रावर घेतला, तर मालक हा फसलेला. (‘कुलमुखत्यार’मधील ‘कुल’ अरबी असून त्याचा अर्थ ‘सर्व’ असा आहे, ऐकणाऱ्यास मात्र घराण्याचा भास होणे स्वाभाविक आहे.) या दोन गोष्टींना उपाय वेगळे, पुरावा वेगळा, अर्जात मात्र ‘सदर व्यवहार कपटाचा आहे’ एवढेच वाक्य अनेकदा आढळते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सहाव्या आदेशातील चौथा नियम सांगतो की कपटाचा तपशील, तारखांसह, लिहिलाच पाहिजे. कर्त्यावाचून क्रियापद जसे लुळे, तसा हा अर्ज.

न्यायालयापासूनच कागद लपविला, तर कपटाला तिसरा कर्मकारक मिळतो, तो म्हणजे न्यायालय. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने चेंगलवराय नायडू प्रकरणात, हक्कसोडपत्र दडवून मिळविलेला हुकूमनामा निरर्थक ठरविला. फेरफाराची नोंद आपल्या नावे झाली असे सांगून मात्र कोणाचेही भागत नाही; ती नोंद मालकी निर्माण करीत नाही.

वडगावात मराठीत लिहिलेली कैफियत मुंबईत इंग्रजीत वाचली जाते. १९७६च्या दुरुस्तीनंतर दुसरे अपील कायद्याच्या सारभूत प्रश्नावरच चालते; कपट झाले की नाही हा सामान्यतः वस्तुस्थितीचा प्रश्न. त्यामुळे खाली जे संदिग्ध लिहिले, ते वर भाषांतराने सुधारत नाही.

मुदतीतही हाच घोटाळा होतो. दस्तऐवज रद्द करण्याचा स्वतंत्र दावा आणायचा, तर आधारभूत गोष्टी कळल्यापासून तीन वर्षे मिळतात. अपिलाची मुदत मात्र हुकूमनाम्याच्या तारखेपासून चालते : जिल्हा न्यायालयात तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद. ‘मला आत्ताच कळले’ हे वाक्य दाव्यात मुदतीचा आरंभ ठरते, अपिलात ते केवळ विलंब माफ करण्याचे कारण होते. आणि म्हणून तलाठ्याच्या दप्तरात फेरफार पाहिला तो दिवस कोणता, हे अर्जात वेगळ्या परिच्छेदात नोंदवावे लागते.