आंबट पाण्याला वाट

मी मराठीची प्राध्यापिका. यंत्रांशी माझा संबंध मिक्सरचे बटण दाबण्यापलीकडे फारसा गेला नाही. पण २०१० च्या डिसेंबरात बोटभर जाडीच्या एका नळीने मला जे शिकवले, ते सांगावेसे वाटते.

धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी इंग्लंडात लीड्सला गेले होते. तिकडे बहुतेक घरांत गॅसचा बॉयलर असतो. त्यात तापलेले पाणी खोल्याखोल्यांतील रेडिएटरांतून फिरते आणि घर उबदार राहते. बाहेर बर्फ साचलेला, घरात बारा दिवसांचे बाळ, आणि एका पहाटे बॉयलर गुळगुळ आवाज करून बंद पडला. दुरुस्तीवाल्यांनी तीन दिवसांनंतरची वेळ दिली. "ताई, बाळाचे पाय गार लागताहेत गं," असे बहीण म्हणाली तेव्हा माझेच हातपाय गार पडले.

शेवटी शेजारचे वृद्ध गृहस्थ आले. ते थेट मागच्या अंगणात गेले आणि भिंतीतून बाहेर आलेल्या प्लॅस्टिकच्या नळीवर बोट ठेवून म्हणाले, "हिच्यात बर्फ झाला आहे."

गॅस जाळणाऱ्या यंत्रात पाणी कुठून येते? तो गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. मिथेनमधला हायड्रोजन हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावतो आणि पाणी तयार होते. एक किलो मिथेन पुरता जळला की सव्वादोन किलो पाणी! जुन्या बॉयलरांत ते वाफेच्या रूपाने धुराड्यातून निघून जाई आणि आपल्याबरोबर उष्णताही नेई. भाताच्या पातेल्याच्या झाकणाला आतून पाणी सुटते, तेच तत्त्व नव्या बॉयलरात वापरले आहे. जळालेले वायू सुमारे ५५ अंश सेल्सिअसच्या खाली थंड केले, की वाफेचे पाणी होऊ लागते आणि वाफेतली सुप्त उष्णता घराच्या कामी येते. गॅस वाचतो. म्हणूनच इंग्लंडात २००५ च्या एप्रिलपासून, काही अपवाद सोडता, नवा गॅस बॉयलर याच जातीचा बसवावा लागतो.

पण हे पाणी शुद्ध नसते. त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ज्वालेत तयार झालेली नायट्रोजनची ऑक्साइडेही मिसळतात; म्हणून ते आम्लधर्मी होते. त्याचा पीएच साधारण ३ ते ५ असतो, म्हणजे टोमॅटोच्या रसाइतके ते आंबट असू शकते. आपण आंबट ताक बिनकल्हईच्या पितळेत ठेवत नाही, ते कळकते. इथे उलट भांड्याचीच काळजी! हे आम्ल तांब्याची किंवा लोखंडाची नळी हळूहळू खाते, म्हणून प्लॅस्टिकचीच नळी घालतात. सिमेंटवर वर्षानुवर्षे ठिबकले तर तेही झिजते.

मग हे पाणी सोडायचे कुठे? उत्तम जागा म्हणजे घरातलीच सांडपाण्याची नळी. साबणाचे पाणी अल्कधर्मी असते. दोन्ही मिसळली की आंबटपणा मरतो. ते जमत नसेल तर अंगणात खड्डा घेऊन त्यात चुनखडीची खडी भरतात. चुनखडी आम्लाला मारते. मात्र स्वतः झिजते, म्हणून ती पुढेमागे बदलावी लागते.

बहिणीच्या घरी नळी बाहेरून नेली होती, तीही बारीक आणि उघडी. थेंब थेंब येणारे पाणी वळणावर गोठले, मागचे पाणी तुंबत बॉयलरपर्यंत चढले आणि यंत्राने स्वतःला थांबवले. त्या कडाक्यात ब्रिटनभर असंख्य घरांत हेच घडले. आम्ही नळीवर कोमट पाणी ओतले. उकळते ओतू नये, नळी तडकते. वीस मिनिटांत बर्फ सुटला, बटण दाबताच बॉयलर सुरू झाला. बॉयलरचे झाकण मात्र आम्ही उघडले नाही. ते परवानाधारक माणसाचेच काम.

पुढे त्या कारागिराने ३२ मिलिमीटरची नळी घातली, तिला मीटरमागे ४५ मिलिमीटर उतार दिला, बाहेरचा भाग तोकडा करून त्यावर उबदार वेष्टण चढवले. खर्च फार नव्हता. मूळ बसवणाऱ्याने ते आधीच केले असते तर बाळाला ती पहाट काढावी लागली नसती.

उष्णता वाचवणाऱ्या यंत्राचे कौतुक सगळेच करतात. ते विकत घेताना, त्यातून निघणारे पाणी कोणत्या वाटेने जाणार, एवढे आधी विचारावे.