लेखांक ४ : रुंदी की रबर?

मागच्या आठवड्यात टायरच्या बाजूवरचे आकडे कसे वाचायचे ते पाहिलं. आज प्रश्न खिशाचा आहे. उदाहरणाला चाकणला तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी घेऊ : दीड लिटरचं टर्बो इंजिन, 150 पीएस ताकद, टायरचं माप 205/55 आर16. टायर झिजले की अशा गाडीच्या मालकाला पहिला मोह होतो तो 'अपसाइझ'चा, म्हणजे 17 इंची अलॉय आणि त्यावर 225/45. चाकाची एकूण उंची 632 मिलिमीटरवरून जेमतेम 634 होते, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. पण रिम आणि रस्ता यांच्यामधली रबराची भिंत 113 वरून 101 मिलिमीटरवर येते आणि खड्ड्यात आदळताना रिमला तिचाच आधार असतो. शिवाय बजेट ठरलेलं असेल तर अलॉयचे पैसे टायरमधूनच कापले जातात. टायर रुंद येतो, पण हलक्या प्रतीचा. म्हणून माझं मत असं की मूळ माप ठेवावं आणि सगळा पैसा रबरावर लावावा.

रुंद टायर रस्ता जास्त धरतो, असं यावर म्हटलं जाईल. कोरड्या रस्त्यावर, वळणात, ते काही अंशी खरं आहे. पण वजन आणि हवा तीच असेल तर टायर रस्त्याला जेवढा टेकतो ते क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. ते फक्त आडवं पसरतं. जुलैत बोरघाटात पाण्याचा पातळ थर साचलेला असतो, तेव्हा या आडव्या पट्ट्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि बाकी सगळं सारखं असेल तर तो आधी तरंगू लागतो. ओल्या रस्त्यावर खरा आधार रबराच्या मिश्रणाचा आणि खोल खाचांचा. टायरवर 'ट्रॅक्शन' या शब्दापुढे अक्षर छापलेलं असेल तर ते ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावून ठरवलेलं असतं. एए किंवा ए असेल तरच पुढे बोला. मऊ रबर लवकर झिजतं, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यासाठी 'ट्रेडवेअर'चा आकडा पाहावा, पण तो एकाच कंपनीच्या दोन टायरांत ताडून पाहावा, कारण तो आकडा कंपनीच ठरवते.

चार टायरांचे पैसे नसतील तर दोनच चांगले घ्यावेत आणि ते मागे बसवावेत, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढची चाकं घसरली तर स्टिअरिंग हलकं पडतं, चालकाला ते हाताला कळतं आणि तो वेग कमी करतो. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते. पुढे राहिलेल्या जुन्या टायरच्या खाचेत बोट फिरवून पाहा : तळाशी 1.6 मिलिमीटर उंचीची आडवी पट्टी लागते. रबर तिच्या पातळीला आलं असेल तर तो टायर संपला. नवा टायर घेताना, मूळ टायरवर भार आणि वेगाची खूण 91 व्ही असेल तर त्याखाली उतरू नका. आणि सवलतीत मिळणाऱ्या टायरवर डीओटीच्या ओळीतले शेवटचे चार आकडे बिल होण्याआधी वाचा : 2325 म्हणजे तो 2025 च्या 23 व्या आठवड्यात तयार झालेला आहे.