इन्सुलिनची घटती-वाढती गरज

पहिल्या प्रकारचा मधुमेह पुष्कळदा लहान वयातच जडतो. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत कित्येक मुलांची गरज घटते. कारण स्वादुपिंडातील उरल्यासुरल्या पेशी पुनः थोडे काम करू लागतात. घरच्यांस वाटते, रोग गेला. आणि सुई बंद होते. ही घातक चूक होय. काही महिन्यांनी गरज पुनः वाढतेच. तापात व वयात येताना ती अधिक, सुगीच्या अंगमेहनतीत कमी. म्हणून रोज रक्तातील साखर तपासून वहीत मांडावी, मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलावी. परंतु इन्सुलिन सर्वस्वी कधीही सोडू नये. शेतावर जाताना खिशात साखर ठेवावी. घाम सुटून हातपाय कापू लागल्यास ती तत्काळ खावी. १९२२ पूर्वी अशी मुले फार दिवस जगत नसत. आज उपाय हाती आहे. तो गैरसमजाने दवडू नये.